शर्त होती, जामीन नव्हता

(छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरातील, उस्मानपुरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी आहे त्या सरांना आपल्या नावाचा गजर आवडत नसे, म्हणून फलकावरचं नाव मी पुन्हा घेत नाही. ते इतिहास शिकवायचे आणि भिंतीवर नकाशा टांगल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. मीही नकाशापासूनच सुरुवात करतो. फक्त नकाशा जर्मनीचा आहे.

उस्मानपुऱ्यात जर्मनी कुठून आली, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. ती आधीच आलेली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन घटकराज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10,000 जण पाठवायचे ठरलं आणि गावोगाव जर्मन भाषेचे वर्ग निघाले. इथून हाकेच्या अंतरावर तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं त्या राज्याचं नाव आता अडखळल्याशिवाय घेतात. वाळूजला एंड्रेस हाउझरचा कारखाना आहे. ही कंपनी 1953 मध्ये लोराख नावाच्या गावात सुरू झाली. लोराख बाडेनमध्ये येतं. म्हणजे वाळूजचा एखादा फिटर कितीतरी वर्षं बाडेनशी संबंध ठेवून आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

तिथे गेलेल्या मुलांना एक गोष्ट लवकरच कळेल. बाडेनमधल्या फ्रायबुर्गच्या माणसाला 'तुम्ही स्टुटगार्टकडचेच ना?' असं विचारायचं नसतं. तो हसेल, पण उत्तर देताना आवाज जरा चढेल. फुटबॉलच्या मैदानावर तिथले लोक बाडेनचं स्वतंत्र गाणं म्हणतात. राज्य एक होऊन सत्तर वर्षं उलटली, पण त्या जोडनावातलं पहिलं नाव दुसऱ्यात विरघळलेलं नाही. हे मी वाचलं तेव्हा मला मराठवाडा आठवला, आणि आज त्याच आठवणीवर बोलणार आहे.

आधी त्यांची गोष्ट.

बाडेन आणि वुर्टेम्बर्ग ही दोन्ही राज्यं नेपोलियनच्या काळात मोठी झाली. 1806 मध्ये बाडेनला ग्रँड डची केलं गेलं आणि वुर्टेम्बर्गला राज्याचा दर्जा मिळाला. छोट्याछोट्या जहागिऱ्या, मठांच्या जमिनी, स्वतंत्र शहरं एकत्र बांधून ही दोन गाठोडी तयार झाली. म्हणजे आज ज्याला बाडेनची अस्मिता म्हणतात ती अनादी काळापासून चालत आलेली नाही. दीडशे वर्षांच्या कारभारातून ती घडली. 1818 ची उदारमतवादी राज्यघटना, 1848-49 चा प्रजासत्ताकाचा उठाव आणि तो चिरडायला आलेलं प्रशियन सैन्य, यांतून बाडेनच्या लोकांना आपण इतरांपेक्षा वेगळे, मोकळ्या मनाचे आहोत असं वाटू लागलं. शेजारच्या वुर्टेम्बर्गवाल्यांकडे ते काटकसरी, कामसू आणि जरा रुक्ष माणसं म्हणून पाहतात. वुर्टेम्बर्गवाले त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते या व्यासपीठावर नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि फ्रान्सने हा मुलूख वाटून घेतला. रेघ कुठे मारली? कार्ल्सरूहवरून स्टुटगार्टमार्गे उल्मला जाणारा महामार्ग अमेरिकनांच्या हाती राहावा, अशी. रस्ता वाचला आणि दोन्ही जुनी राज्यं मधोमध चिरली. उरली तीन तुकड्यांची राज्यं. उत्तरेत अमेरिकनांचं वुर्टेम्बर्ग-बाडेन, दक्षिणेत फ्रेंचांचं वुर्टेम्बर्ग-होहेन्झोलर्न, आणि फ्रायबुर्ग राजधानी असलेलं दक्षिण बाडेन. हे असं फार दिवस चालणार नव्हतं, हे सगळ्यांना मान्य होतं. वाद पुढे होता: जुनी दोन राज्यं परत उभी करायची की एकच मोठं राज्य करायचं? फ्रायबुर्गचे लिओ वोलेब जुन्या बाडेनसाठी अडून बसले. ट्युबिंगेनचे गेबहार्ट म्युलर एका राज्यासाठी झटले. दोघेही एकाच पक्षाचे होते, हे आपल्या राजकारणाशी परिचित माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

9 डिसेंबर 1951 ला मतदान झालं. इथे बारकाईने ऐका, कारण सगळी गोम इथेच आहे. मुलखाचे चार मतदान विभाग केले होते आणि चारपैकी तीन विभागांत बहुमत मिळालं तर एकत्रीकरण, असा नियम होता. एकूण सुमारे 70 टक्के मतं एका राज्याच्या बाजूने पडली. दक्षिण बाडेनने 62 टक्क्यांनी नकार दिला. उत्तर बाडेनने मात्र 57 टक्क्यांनी होकार दिला, आणि तीन विभागांचा हिशेब जुळला. पण जुनं बाडेन एकच विभाग धरून बेरीज केली तर? 52 टक्के नकार. म्हणजे निकाल लोकांनी दिला की मोजणीच्या नियमाने, हा प्रश्न 25 एप्रिल 1952 ला नवं राज्य अस्तित्वात आल्यानंतरही जिवंत राहिला.

बाडेनवाल्यांनी पाठपुरावा सोडला नाही. पुन्हा मतदान घ्या, म्हणून त्यांनी हक्क मागितला आणि 30 मे 1956 रोजी कार्ल्सरूहच्या संघीय घटना न्यायालयाने तो मान्य केला. योगायोग असा की हे न्यायालय बाडेनच्याच जुन्या राजधानीत बसतं. सह्यांची मोहीम झाली, लागणाऱ्या 10 टक्क्यांहून जास्त सह्या जमल्या. मग राज्यकर्त्यांनी जे जगभर करतात तेच केलं. चालढकल. अखेर न्यायालयाने मुदत बांधून दिली: 30 जून 1970. 7 जूनला बाडेनच्या लोकांनी मत दिलं. जवळपास 82 टक्के लोक म्हणाले, आम्ही या राज्यातच राहू.

आता यावर दोन प्रकारे बोलता येतं. जुने बाडेनवाले म्हणतात, चौदा वर्षं थकवून जिंकलात. एक पिढी गेली, बाहेरून लाखो निर्वासित येऊन स्थायिक झाले, मग विचारलंत. त्यात तथ्य आहे. तरीही विचारलं, ही गोष्ट उरतेच. नकाराचा अधिकार हातात असताना दिलेला होकार आणि गृहीत धरून घेतलेला होकार यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

आता आपल्याकडे वळतो.

मराठवाड्याची सीमासुद्धा आपण आखलेली नाही. पैठणची सातवाहनांची राजधानी, देवगिरीचे यादव, आपेगाव, नर्सी, गंगाखेड, जांब ही संतांची गावं सांगून आपण आपली थोरवी सांगतो, आणि ती खोटी नाही. पण ही थोरवी सगळ्या मराठी मुलखाची आहे. मराठवाडा नावाचा वेगळा तुकडा तिच्यातून निघत नाही. तो तुकडा निघाला तहांतून. पेशवाई बुडाल्यावर नगर-खानदेश इंग्रजांकडे गेले, आपला हा मुलूख निजामाकडे राहिला. वऱ्हाडही 1853 पर्यंत निजामाकडेच होतं. त्या वर्षी कर्जापोटी ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं, 1902 ला कायमच्या पट्ट्याने दिलं गेलं. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे आणि अलीकडे एकच माती, एकच कापूस, एकच अभंग. पण पलीकडे शाळा, छापखाना, सभा, वर्तमानपत्र आलं. अलीकडे सभेला परवानगी लागायची. मराठवाडा मागास राहिला तो इथल्या माणसाच्या स्वभावामुळे, असं पुण्या-मुंबईच्या बैठकांत ऐकलं की मी त्यांना 1853 हे वर्ष सांगतो.

म्हणून आपली अस्मिता कुठल्या प्राचीन वैभवातून घडली नाही. निजामी कारभाराच्या दाबाखाली ती घडली. मुलगा मराठी, शाळेचं नाव मदरसा फोकानिया, शिकवणं उर्दूतून. 1918 चं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. बाजारात निजामाचा हाली शिक्का, बाहेरगावी गेलं की इंग्रजांचा कलदार. या दाबाला पहिलं संघटित उत्तर 1937 मध्ये परतूरला मिळालं, जिथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. पुढच्या वर्षी याच शहरातल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. उस्मानियातून काढून टाकलेली संस्थानातली मुलं नागपूरला जाऊन शिकली. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नावं तुमच्या तोंडी आहेतच. त्यांचा लढा भाषेच्या प्रश्नावर सुरू झाला आणि जमिनीच्या, जहागिरीच्या, जबाबदार राज्यपद्धतीच्या प्रश्नांपर्यंत गेला. बाडेनच्या 1848 शी त्याची तुलना करायचा मोह होतो. फरक एवढाच की आपण लढा जिंकला.

17 सप्टेंबर 1948, हैदराबाद संस्थानाच्या मुक्तीचा दिवस. सिद्धार्थ उद्यानातल्या स्तंभापुढे दर वर्षी आपण जे भाषण ऐकतो त्यात पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांबद्दल एक ओळही नसते. पंडित सुंदरलाल समितीने तेव्हाच लिहून ठेवलं की मुसलमानांवरील हिंसाचाराने सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार सांगायचे आणि हे गाळायचं, असं करून उभी केलेली अस्मिता अर्धी असते. मी ते इथे उस्मानपुऱ्यात बोलतो आहे, कारण ज्यांच्या घरात या दोन्हीपैकी एक आठवण आहे असे लोक या सभागृहातही असणार.

मुख्य मुद्द्यावर येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य तीन भाषांत वाटलं गेलं आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. बीदरचे अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके इकडे आले. भैंसा, मुधोळ तिकडे गेले. आपल्याकडे एक वाक्य तेव्हापासून चलनात आहे: विदर्भाने अटी घातल्या, मराठवाडा मात्र बिनशर्त आला. हे वाक्य वक्ता छाती फुगवून म्हणतो आणि दुसऱ्या श्वासाला गळा काढून म्हणतो. दोन्ही वेळा ते चूक आहे.

28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार काढून पाहा. त्यावर मराठवाड्याच्या पुढाऱ्यांच्याही सह्या आहेत. निधीवाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावं, नोकऱ्यांत आणि तांत्रिक शिक्षणातल्या जागांत प्रत्येक विभागाला वाटा मिळावा, मराठवाड्याकडे खास लक्ष द्यावं, आणि याचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवावा, हे त्यात लिहिलेलं आहे. शर्त होती. फक्त तिला जामीन नव्हता. नागपूरकरांनी करारातून दोन ठोस, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी मिळवल्या: उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि विधिमंडळाचं अधिवेशन. इमारत एकदा मिळाली की ती परत घेणं अवघड असतं. आपण 'खास लक्ष' मिळवलं. लक्ष दुसरीकडे जायला वेळ लागत नाही.

मग राज्यघटनेत तरी जामीन ठेवला का? ठेवला. सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371 (2) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं नेमता येतील, राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येईल, अशी तरतूद झाली. वर्ष 1956. त्याच वर्षी कार्ल्सरूहच्या न्यायालयाने बाडेनचा हक्क मान्य केला होता. तिकडे हक्क अमलात यायला चौदा वर्षं लागली आणि ती आपल्याला फार वाटली. इकडे मंडळं 1 मे 1994 ला स्थापन झाली. अडतीस वर्षं! मधल्या काळात 1974 चं विकास आंदोलन झालं, वसमतला गोळीबार झाला, गोविंदभाईंनी मराठवाडा जनता विकास परिषदेतून हा विषय उतारवयापर्यंत लावून धरला. 1984 ला दांडेकर समितीने अनुशेष मोजला: राज्याचा सुमारे 3,187 कोटी रुपये, त्यातला जवळपास चौथा हिस्सा मराठवाड्याचा. आणि ज्या मंडळांसाठी एवढं झालं त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हा या शहरात कुणाची झोप उडाली नाही. टाळेबंदी होती, हे खरं. टाळेबंदी उठल्यावरही उडाली नाही.

दोष मुंबईवर टाकायची सोयही आपल्याला पूर्ण नाही. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच मातीतून गेले. त्यांनी कामं केली. शंकररावांशिवाय जायकवाडी धरणाचा इतिहास लिहिताच येणार नाही. पण मुख्यमंत्री आपल्या माणसाला धरण देऊ शकतो, आपल्या विभागाला हक्क देत नाही, कारण हक्क दिला की तो पुढच्या मुख्यमंत्र्यालाही बांधतो आणि स्वतःलाही.

अस्मितेबद्दल आणखी एक अवघड गोष्ट बोलायची आहे. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. ज्या बाबासाहेबांनी 1950 मध्येच या शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं, त्यांचं नाव. त्यानंतर मराठवाड्याची अस्मिता रस्त्यावर उतरली, आणि खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे मारले गेले. निजामाविरुद्ध वापरलेला शब्द आपल्याच माणसांविरुद्ध वापरला गेला. आज जे कुणी मराठवाड्याच्या अस्मितेवर बोलतात त्यांनी 1948 इतकंच 1978 वरही बोललं पाहिजे, नाहीतर बोलूच नये असं माझं मत आहे. सोळा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 ला, तोडगा निघाला तो जोडनावाचा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या घटना समितीपुढेही नावांचा ढीग होता, आणि 1953 ला शेवटी दोन्ही नावं आडव्या रेघेने जोडण्यावरच गाडी थांबली. जोडनाव कुणालाच पूर्ण आवडत नाही. म्हणूनच बहुधा ते टिकतं.

बाडेन विरघळलं नाही, त्याचं कारण गाण्यात नाही. स्टुटगार्ट राजधानी झालं, पण वरिष्ठ न्यायालय कार्ल्सरूहलाही राहिलं आणि स्टुटगार्टलाही. राज्य ग्रंथालयं दोन. प्रोटेस्टंट चर्चची व्यवस्था बाडेनची वेगळी, वुर्टेम्बर्गची वेगळी, आजही. राज्याच्या प्रशासनाचे चार विभाग, आणि त्यांची मुख्यालयं स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन. 1951 च्या चार मतदान विभागांची छाया त्यांत अजून दिसते. खर्च वाढतो, अशी टीका तिथेही होते. त्यांनी तो खर्च सोसला.

आपल्याकडे असं काय आहे? उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, 27 ऑगस्ट 1981 पासून. आंदोलन करून, वकिलांनी नेट लावून मिळवलेलं. विद्यापीठ आहे. बाकी पाहा. पाचाचे आठ जिल्हे झाले, पण इथल्या स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीचा कारभार नांदेड विभागातून सिकंदराबादला जातो, कारण आपली रेल्वे अजून दक्षिण मध्य रेल्वेत आहे. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबादपर्यंत जावं लागलं, आणि 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय निघाला तो हैदराबाद गॅझेटच्या आधारे. त्या निर्णयाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याची ही जागा नाही. माझा मुद्दा कागदांचा आहे. राज्य सोडून जवळपास सत्तर वर्षं झाली तरी आपल्या आजोबांची नोंद दुसऱ्या राज्याच्या दप्तरात शोधावी लागते, आणि त्या दप्तरांची नक्कल, भाषांतर, सूची करणारं मोठं अभिलेखागार आपण या शहरात उभं केलं नाही. त्याला कुणाची परवानगी अडली होती?

शेवटचा विषय पाण्याचा. स्टुटगार्ट हे वुर्टेम्बर्गचं शहर, आणि त्याला पाणी कमी. पाणी होतं दक्षिणेला, कॉन्स्टन्स सरोवरात. उपसा करायचा तो बाडेनच्या काठावरून. भांडणाला याहून चांगलं निमित्त कुठलं? 1954 मध्ये, म्हणजे राज्य होऊन दोन वर्षांत, 13 शहरांनी आणि गावांनी मिळून पाण्याची संस्था काढली. 1958 ला सरोवराचं पाणी वाहू लागलं. आज सुमारे 40 लाख लोक ते पितात आणि संस्थेचे सभासद 180 हून अधिक आहेत. सरोवरापासून दूर असलेलं, पाणी पिणारं गावसुद्धा तिथे सभासद म्हणून बैठकीला बसतं.

जायकवाडीची एकूण क्षमता 102 टीएमसी. नाशिक-नगरची धरणं वरच्या अंगाला. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व मान्य केलं. 15 ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र मेंढेगिरी समितीने सुचवलं. नियम चांगला आहे. पण कमी पावसाच्या वर्षी तो न्यायालयाच्या पायऱ्या चढल्याशिवाय अमलात येत नाही. वरच्या धरणांवर आंदोलन, खाली आंदोलन, मधल्या नदीपात्रात पोलीस बंदोबस्त. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिलं. पैठणची नगरपालिका आणि नाशिकची महानगरपालिका, वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था, यांनी मतांचा अधिकार घेऊन एका टेबलाशी बसावं अशी कायम संस्था गोदावरीवर नाही.

जाता जाता पुन्हा जामिनाकडे येतो. कलम 371 (2) मध्ये विकास मंडळांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायला सांगितलं आहे. कलम रद्द झालेलं नाही. मंडळांची फक्त मुदत संपली आहे. 16 सप्टेंबर 2023 ला या शहरात मंत्रिमंडळाची बैठक झाली, पॅकेज जाहीर झालं. 2016 लाही झाली होती, तेव्हाही झालं होतं. पुढची बैठक होईल तेव्हा नव्या पॅकेजचा आकडा ऐकण्याआधी मागच्या दोन्हींचा तालुकावार हिशेब सभागृहाच्या पटलावर मागावा, असं पत्र आपल्या आमदाराला लिहायला दहा मिनिटं लागतात. मसुदा मी आणला आहे, दाराशी ठेवला आहे. आता प्रश्न घेतो.